मांडवाखालची कंबर

द्राक्षबागेत टोळीनं कामाला जाणाऱ्या, तासगाव तालुक्यातल्या ४१ वर्षांच्या एका बाईंची ही केस. नाव-गाव दिलेलं नाही. कंबरदुखीवर सर्रास सांगितले जाणारे व्यायाम या बाईंना उलटे पडले होते. ते का पडले, हे एक्स-रेपेक्षा त्यांच्या कामात जास्त स्पष्ट दिसत होतं, म्हणून ही केस सविस्तर लिहितोय.

श्रावणात त्या सांगलीला माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आल्या. फळछाटणीला अजून वेळ होता, टोळीला काम कमी होतं. कंबरेला पट्टा, हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत एक्स-रे आणि एमआरआय. सोबत थोरल्या जाऊबाई. पहिलं वाक्य जाऊबाईच बोलल्या, "मणका सरकलाय म्हणत्यात. ऑपरेशन लागंल का, ते सांगा आधी."

दुखणं दोन हंगामांचं. आधी डिपिंगच्या, म्हणजे द्राक्षाचे घड द्रावणात बुडवायच्या, दिवसांत संध्याकाळी कंबर भरून यायची आणि रात्री झोपलं की उतरायची. मग उतरेनाशी झाली. उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागं कळ जायची, पण गुडघ्याच्या खाली कधीच नाही. वाकलं तर फारसं दुखायचं नाही, वाकून उठताना मात्र मध्येच कुठंतरी अडकायचं. "मांडीवर हात टेकून टेकून वर यावं लागतंय डॉक्टर, म्हातारीवानी." जास्त वेळ उभं राहिलं, फळीवरचा डबा काढायला हात वर केला, पालथं झोपलं, की दुखणं वाढायचं. उकिडवं बसलं किंवा कुशीवर पाय पोटाशी घेऊन पडलं की लगेच बरं वाटायचं.

या शेवटच्या दोन वाक्यांत निम्मं निदान होतं.

तोवर झालेले उपाय नेहमीचेच. उसण भरली म्हणून गावातल्या पायाळू माणसाकडून कंबरेवर लाथ मारून घेतली होती. रुईच्या पानांचा शेक झाला होता. हंगामाच्या तोंडावर एक इंजेक्शन, वर गोळ्या. पट्टा तर आठ-दहा महिने झोपेपर्यंत कंबरेवर. आणि मुलीनं मोबाइलवर शोधून दिलेले व्यायाम, भुजंगासन आणि धनुरासन, रोज सकाळी न चुकता. "व्यायाम केला की दिवसभर जास्त दुखतंय, पण दुखलं म्हंजे लागू पडतंय असं वाटलं," असं त्या म्हणाल्या.

यात भुजंगासनाचा दोष नाही. ज्याची दोन मणक्यांमधली गादी मागं फुगलीय आणि वाकल्यावर पाय दुखतो, त्याला मागं वाकवणाऱ्या व्यायामानं पुष्कळदा छान आराम पडतो. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार घराघरांत पोचवले तो हा मुलूख; इथं पाठीचा व्यायाम म्हटलं की छाती वर आणि कंबर मागं, हेच चित्र डोक्यात येतं. पण या बाईंचं दुखणं मागं वाकल्यानंच वाढत होतं, आणि दिवसातले आठ तास त्या तेच करत होत्या.

काम काय होतं

मांडव पद्धतीच्या बागेत तारांचं जाळं डोक्याच्या वर असतं आणि घड त्याखाली लोंबतात. डिपिंगच्या वेळी एका हातात जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिड, मणी फुगवणारं संजीवक) द्रावणाचा मग धरायचा, तो वर न्यायचा, घड त्यात बुडवायचा, हलकेच झटकायचा आणि पुढच्या घडाकडे सरकायचं. विरळणीला, म्हणजे दाट घडातले मणी कमी करायला, मगाऐवजी कात्री. दोन्हींत मान मागं, हात वर, नजर आभाळाकडे. काम उक्तं घेतलेलं असलं तर मध्ये थांबायला कुणी मागत नाही. आता उंचीचा मुद्दा. या बाईंची उंची चार फूट दहा इंच. टोळीतल्या उंच बायकांचे हात डोक्याच्या जरा वर गेले की भागतं, यांना टाचा उचलून, कंबर मागं टाकून पोचावं लागतं.

हे मला नुसतं ऐकून कळलं नसतं. दवाखान्यात पुलीच्या दांड्याला सुतळीचे तुकडे बांधले, त्यांच्या हातात कात्री दिली आणि म्हटलं, "ताई, बागेत करता तसं करून दाखवा." त्यांनी मान मागं टाकली, हात वर नेले. छाती जिथल्या तिथं राहिली, खुबे पुढं आले आणि सगळा बाक कमरेच्या तळाशी, एकाच ठिकाणी पडला. तिथं कातडीला आडवी घडी उमटली. कंबरेच्या पाचव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या मणक्यावर बोट ठेवलं तर दुखणारी जागा तीच होती.

तपासणीत काय सापडलं

आधी धोक्याच्या खुणा विचारून घेतल्या, त्याशिवाय कंबरेला हात लावायचा नसतो. लघवी-संडासवरचा ताबा, बसायच्या जागेची बधिरता, दोन्ही पायांतली कमजोरी, वजन घटणं, संध्याकाळचा ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वीचा कॅन्सर, पडणं-झडणं. आपल्याकडं मणक्याचा क्षय अजून दिसतो, त्यामुळं ताप आणि वजनाचा प्रश्न मी उरकून टाकत नाही. सगळ्यांचं उत्तर "नाही" होतं.

पायांतली ताकद, संवेदना, गुडघा-घोट्याचे प्रतिक्षेप दोन्ही बाजूंना सारखे. सरळ पाय उचलल्यावर ७५ अंशांपर्यंत कळ नाही, म्हणजे नस दबल्याची ठोस खूण नाही. पुढं वाकून बोटं जमिनीला टेकत होती. उठताना ती अडखळ. मागं वाकायला सांगितलं तर सुरुवातीलाच ओळखीची कळ. मणक्यांवरून बोट खाली सरकवत नेलं की शेवटच्या मणक्याशी पायरीसारखी खाच लागत होती.

मग त्यांना पलंगाच्या कडेवर पोटावर झोपवून पाय जमिनीला टेकवले आणि मणका दाबला. दुखला. पाय जरासे उचलायला लावून तीच जागा पुन्हा दाबली, तर दुखणं जवळजवळ गेलं. पाय उचलताना पाठीचे स्नायू आवळले जातात, आणि ते आवळले की हा सांधा शांत बसतो. पुढच्या सगळ्या उपचाराची खात्री मला या एका चाचणीनं दिली.

कंबरेच्या वर-खाली काय चाललंय तेही पाहिलं. मांडीच्या मुळाशी पुढचे स्नायू दोन्ही बाजूंना आखडलेले, उजवीकडं जास्त. खांदे दीडशे अंशांच्या पुढं जात नव्हते. पाठीचा वरचा भाग ताठ. हात डोक्यावर न्यायला जी हालचाल खांदा, छातीचा कणा आणि खुबा यांनी वाटून घ्यायची, ती सगळी पाचव्या मणक्याच्या वाट्याला येत होती. दमही कमी होता. कुशीवर कोपर आणि गुडघे टेकून कंबर उचलून धरायची तर उजवीकडं १२ सेकंद, डावीकडं ९. पालथं पडून धड अधांतरी धरायची चाचणी ३१ सेकंदांत संपली.

संध्याकाळचं दुखणं दहापैकी ७. कंबरदुखीनं रोजच्या कामांत किती अडचण येते ते मोजणारी ऑस्वेस्ट्री प्रश्नावली वाचून दाखवून भरून घेतली, ती ४४ टक्के आली; आकडा जितका मोठा तितकी अडचण जास्त.

एक्स-रेत पाचवा मणका खालच्या त्रिकास्थीवर (माकडहाडाच्या वरचं रुंद हाड) थोडा पुढं सरकलेला होता, पहिल्या श्रेणीचा, म्हणजे पाव भागापेक्षा कमी. मणक्याच्या मागच्या कमानीतला बारीक दुवा तुटलेला. वाकून आणि मागं झुकून काढलेल्या एक्स-रेत सरकणं वाढत नव्हतं. एमआरआयमध्ये त्याच्या वरची गादी फुगलेली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सध्या ऑपरेशनची गरज नाही असं लिहून दिलं होतं, पण घरी पोचेपर्यंत त्या वाक्यातलं "ऑपरेशन" तेवढं उरलं होतं.

त्यांना सांगितलं ते असं. कमानीतला असा तुटलेला दुवा मोठ्या माणसांत सुमारे ६ टक्के लोकांत असतो, त्यांतल्या पुष्कळांना तो आहे हे कधी कळतही नाही. तो बहुतेक वेळा लहानपणी किंवा वाढीच्या वयातच तुटलेला असतो. म्हणजे तुमचा मणका कदाचित लग्नाच्या आधीपासून असाच आहे, आणि तरी तुम्ही दोन बाळंतपणं आणि इतके हंगाम काढलेत. फुगलेल्या गादीचंही तेच. कंबर न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात चाळिशीच्या निम्म्या लोकांत गादी फुगलेली निघाली. जाऊबाई म्हणाल्या, "मग हिलाच का दुखतंय?"

प्रश्न रास्त होता.

मणक्याला उभं कोण धरतं

स्नायू काढून टाकलेला, नुसत्या हाडांचा आणि बंधांचा छातीपासून त्रिकास्थीपर्यंतचा कणा उभा केला, तर सुमारे २ किलो भारालाच तो लपकतो. हे १९६१ साली लुकास आणि ब्रेस्लर या संशोधकांनी मोजलं. म्हणजे बाकी सगळं ओझं स्नायू पेलतात. पुढं १९९२ मध्ये मनोहर पंजाबी यांनी ही व्यवस्था तीन भागांत मांडली: हाडं-गाद्या-बंध, स्नायू, आणि त्या दोघांना वेळेवर हुकूम देणारी मज्जासंस्था. एक भाग लंगडा पडला तर उरलेले दोन भरून काढू शकतात. ताईंचा पहिला भाग कमकुवत होता आणि तो दुरुस्त होणार नव्हता. उरलेल्या दोघांवर काम करता येणार होतं.

त्यांना मी हे मांडवावरून सांगितलं. मांडव नुसत्या अँगलवर उभा राहत नाही, कडेनं दिलेल्या ताणांमुळं तो घडांचं ओझं पेलतो. एखादा अँगल कलला तर मालक बाग मोडत नाही, ताण आवळतो. हे त्यांना लगेच पटलं. ताण ढिला पडल्यावर काय होतं ते त्यांनी माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलेलं होतं.

हुकूम वेळेवर देण्याचा मुद्दा हात वर करणाऱ्या माणसाला फारच लागू आहे. हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ साली लोकांना झटकन हात उचलायला लावला आणि पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू कधी जागा होतो ते पाहिलं. निरोगी माणसांत तो खांद्याच्या स्नायूच्याही आधी आवळला जातो, कंबर दुखणाऱ्यांत त्याला उशीर होतो. या प्रयोगावर पुढं एक अख्खी व्यायामपद्धत उभी राहिली. सरकलेल्या किंवा दुवा तुटलेल्या मणक्याच्या ४४ रुग्णांवर ओ'सुलिव्हन यांनी १९९७ मध्ये तसा दहा आठवड्यांचा उपचार करून पाहिला. दुखणं आणि अडचण दोन्ही घटली आणि फायदा ३० महिन्यांनंतरही टिकला. याला दुसरी बाजूही आहे. साध्या जुनाट कंबरदुखीत ही पद्धत इतर व्यायामांपेक्षा फार सरस ठरत नाही, असं २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, दिसलं. म्हणून नुसतं "पोट आत ओढा" यात मी आठवडेच्या आठवडे घालवत नाही. या बाईंना ते शिकवलं, कारण त्यांचा दुवा तुटलेला होता, सांधा आवळल्यावर शांत होत होता आणि कामच हात वर करायचं होतं.

काय केलं

पहिले दोन आठवडे दुखणं निववण्यात गेले. भुजंगासन आणि धनुरासन बंद. दुपारच्या भाकरीनंतर ताडपत्रीवर उताणं पडायचं, पोटऱ्या क्रेटवर ठेवायच्या, दहा मिनिटं. गुडघे छातीशी घेणं. गुडघे उभे करून पडल्यावर कंबरेखालचा पोकळ बाक हळूच जमिनीला टेकवायचा, सोडायचा. वज्रासनात पुढं वाकून हात लांब ताणायचे, त्यात पाठ आणि काखेखालचे स्नायू सुटतात. पट्टा एकदम काढला नाही, आधी घरात सोडला, मग बागेतही फक्त जड कामापुरता ठेवला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारलंच, "मशीन लावणार न्हाई व्हय? लाईट, करंट?" हा प्रश्न सांगली-मिरजेत कुठल्याही फिजिओथेरपिस्टला विचारून पाहा, रोज येतो. रुग्ण एसटीचे पैसे घालून येतो आणि त्याला वाटतं की काहीतरी लावल्याशिवाय उपचार झाला नाही. ठोस कारण नसलेल्या जुनाट कंबरदुखीत ट्रॅक्शन (कंबर ताणणं), अल्ट्रासाउंड लहरींचा उपचार, करंट आणि कंबरेचे पट्टे हे नेहमीचा उपचार म्हणून देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शनात म्हटलंय. मी एवढंच म्हटलं, "मशीन इथंच राहतं ताई, बागेत येत नाही."

तिसऱ्या आठवड्यापासून खरं काम. श्वास न रोखता पोट चहूबाजूंनी हलकं आवळायचं, खोकताना आवळतं तेवढं. ते जमल्यावर उताणं पडून उलटसुलट हात-पाय लांबवणं. मग हाता-गुडघ्यांवर ओणवं होऊन एक हात पुढं, विरुद्ध बाजूचा पाय मागं. यात सगळ्यांची एकच गडबड होते: पाय उंच जावा म्हणून कंबर खाली पडते, आणि त्यांना तर नेमकं तेच टाळायचं होतं. म्हणून कंबरेवर स्टीलची ताटली ठेवली. ताटली डुगडुगली की पाय तेवढाच खाली आणायचा. पहिल्या दिवशी ताटली तीनदा फरशीवर वाजली आणि जाऊबाईंना हसू आवरेना. कुशीवरचा आधार गुडघे टेकून. प्रत्येक वेळी ८ ते १० सेकंद धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं; थरथरेपर्यंत रेटायचं नाही, कारण दमलेला स्नायू सांध्याला वाऱ्यावर सोडतो. कंबर उचलायचा व्यायाम मांड्या आणि धड एका रेषेत येईपर्यंतच. एक गुडघा टेकून मांडीच्या पुढचे स्नायू ताणणं रोज, उजवीकडं दोनदा.

वेळ हाच मोठा अडसर होता. पाचला उठणं, भाकऱ्या, साडेसातला टेम्पो. सकाळी व्यायाम होणार नाहीत हे उघड होतं, म्हणून सकाळचे सांगितलेच नाहीत. थोडे दुपारी ताडपत्रीवर, बाकीचे रात्री सतरंजीवर.

सहाव्या आठवड्यात घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुतल्या गेल्या. ओल्या गोधड्या पिळणं, उचलणं, दोरीवर टाकणं. दुसऱ्या दिवशी कंबर धरली आणि फोन आला, "सगळं पयल्यासारखं झालं डॉक्टर." झालं नव्हतं. पायात कळ नव्हती, ताकद होती, लघवीची तक्रार नव्हती. झोपून राहू नका, घरातल्या घरात चालत राहा, पहिल्या आठवड्याचे तेवढे व्यायाम करा, असं सांगितलं. आठवड्याभरात त्या मूळ पदावर आल्या. असा झटका जुनाट कंबरदुखीत येतोच, आणि रुग्णाला आधी सांगून ठेवला नसेल तर तिथंच व्यायाम सुटतात. त्यानिमित्तानं खुब्यातून वाकून ओझं अंगाशी धरून उचलायला शिकवलं, पाण्यानं भरलेल्या बादलीवर.

बागेत

आठव्या आठवड्यापासून व्यायाम उभ्यानं, सुतळ्यांखाली. आधी पोट आवळा, मग हात. बरगड्या वर फेकायच्या नाहीत. एक पाय बुटक्या क्रेटवर, म्हणजे कंबर आपोआप कमी मागं जाते. दर काही घडांनी पाय बदलायचा. नंतर हातात पाण्याचा मग.

क्रेटवर दोन्ही पाय ठेवून उभं राहिलं तर हात तोंडासमोर येतात आणि प्रश्नच मिटतो, हे मला फार सोपं वाटत होतं. त्यांनी ते दोन वाक्यांत मोडीत काढलं: उक्त्या कामात प्रत्येक वेलीला क्रेट कोण सरकवणार, आणि छाटणीनंतरच्या ढेकळांत तो डुगडुगतो त्याचं काय? शेवटी ठरलं ते असं. क्रेट फक्त एका पायाला. वर घड दाट असेल तिथंच त्यावर चढायचं. आणि मुकादमीणबाईंशी बोलून दिवसातून दोन-तीनदा द्रावण भरून आणायचं काम यांच्याकडं घ्यायचं, म्हणजे तेवढा वेळ हात खाली आणि पाय चालते. मुकादमीणबाईंना मीच फोन केला. त्या म्हणाल्या, "ती आली न्हाई तर मला एक माणूस कमी, त्यापेक्षा भरू दे की पाणी."

बाराव्या आठवड्याला डिपिंग जोरात सुरू होतं, तेव्हाची मोजमापं: संध्याकाळचं दुखणं ३, कधी २. ऑस्वेस्ट्री १८ टक्के. १० गुणांचा फरक पडला तर रुग्णाला तो जाणवतो असं धरतात. धड अधांतरी ७० सेकंद. कुशीवर उजवीकडं ३५, डावीकडं ३२, दोन्ही बाजू आता जवळजवळ सारख्या. वाकून उठताना मांडीवर हात टेकत नाही. पट्टा खुंटीला. त्या हंगामात इंजेक्शन नाही, गोळी दोन-चार वेळा.

मणका होता तिथंच आहे. पुन्हा एक्स-रे काढू का, असं त्यांनी विचारलं, मी नको म्हटलं. त्यात नवं काही दिसणार नव्हतं आणि जुनी धास्ती मात्र परत आली असती. उजवा खुबा अजून पुरता सुटलेला नाही. खांदे दहा अंश सुटले, त्यापुढं जाईनात.

आता एप्रिलची खरड छाटणी (घड काढून झाल्यावर जुन्या काड्या कापायची) समोर आहे. उन्हात सलग दिवस डोक्यावर कात्री चालवायची, घड्याळाकडं न बघता. त्याच्या तीन आठवडे आधी त्या तपासणीला येणार आहेत. तोवर आठवड्यातून तीनदा ताटलीचा आणि कुशीवरचा व्यायाम, मांडीचा ताण रोज. गुडघ्याखाली कळ उतरली, पाय जड होऊन चालायचं अंतर कमी होऊ लागलं किंवा पंजा उचलेना झाला, तर माझ्याकडं न येता थेट मणक्याच्या डॉक्टरांकडं जायचं. बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी तुंबली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री. हे सगळं जाऊबाईंकडून तोंडपाठ म्हणवून घेतलंय, कारण ताई स्वतः डिपिंगच्या दिवसांत यातलं काहीही कुणाला सांगणार नाहीत.